रुग्णालयात कामाला आहात? कानांचा हिशेब ठेवा

रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर कायद्यानं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तिथं दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा घातली आहे. फाटकाबाहेर कर्णकर्कश हॉर्न वाजवणाऱ्याला दंड होऊ शकतो. पण त्याच फाटकाच्या आत, तळघरातल्या लाँड्रीत कपडे पिळायच्या यंत्राशेजारी पाळी काढणाऱ्या मावशींच्या कानांवर किती डेसिबल आदळतात, हे बहुतेक ठिकाणी कुणी मोजलेलंही नसतं. शांततेचा नियम रुग्णासाठी झाला. तिथं राबणाऱ्याच्या कानांचा विचार अजून व्हायचा आहे, आणि तोवर तो ज्याचा त्यानं करायला हवा.

गोंगाट म्हटलं की सगळे आयसीयूकडे बोट दाखवतात. मॉनिटरचे आवाज, व्हेंटिलेटरचे अलार्म, फोन, नातेवाइकांची वर्दळ. तक्रार खोटी नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांची जुनी-नवी मोजमापं एकत्र मांडली, तेव्हा दिवसाची पातळी १९६० मधल्या ५७ डेसिबलवरून ७२ पर्यंत चढलेली दिसली. एवढ्या आवाजात माणूस थकतो, चिडतो, सूचना नीट ऐकत नाही, अलार्म वाजत असूनही लक्ष देईनासा होतो. हे सगळं गंभीरच आहे. पण ७२ डेसिबलनं कान कायमचा जात नाही. आयसीयूतल्या सिस्टरच्या कानांपेक्षा प्लास्टर रूममधल्या मामांचे कान जास्त धोक्यात असतात, आणि चर्चा मात्र आयसीयूची होते. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः तळघरात, गच्चीवर, ओटीत आणि यंत्रांपाशी काम करणाऱ्यांसाठी आहे.

किती आवाज, किती वेळ

डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलचं एक यंत्र चालू असताना शेजारी तसंच दुसरं सुरू केलं, तर पातळी १७० होत नाही, ८८ होते. पण कानावरचा भार दुप्पट होतो. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता पाहणारी ‘नायोश’ ही अमेरिकी संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं.

आपल्याकडे कारखान्यांसाठीची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल अशी चालत आली आहे. कुणी ती दाखवून ‘आपण नियमात आहोत’ म्हणालं तर एक गोष्ट सांगा. नायोशच्याच अंदाजानुसार चाळीस वर्षांच्या नोकरीत ८५ डेसिबलला शंभरातल्या साधारण आठ जणांना आवाजामुळे बहिरेपणा येतो आणि ९० ला पंचवीस जणांना. वरवर पाच डेसिबलचा फरक आणि बळी तिप्पट. तेव्हा ८५ चाच आकडा मनात ठेवावा हे बरं.

आता हे रुग्णालयात लावून पाहू. प्लास्टर कापायची करवत जुनी झाली, पातं बोथट झालं की आवाज चढतो. समजा, तिचा आवाज कापणाऱ्याच्या कानापाशी ९५ डेसिबल भरला. या पातळीला दिवसाची मर्यादा सुमारे ४७ मिनिटांची. हाडांच्या गर्दीच्या ओपीडीत एका दिवसात वीस प्लास्टरं कापली आणि प्रत्येकाला तीन मिनिटं लागली तर तास भरला, म्हणजे मर्यादा ओलांडली. करवत अधूनमधून चालते म्हणून ‘एवढंसं तर काम’ असं वाटतं आणि फसगत होते ती इथंच. कान दिवसभराची बेरीज करत असतो.

गुडघे आणि खुबे बदलण्याच्या शस्त्रक्रियांत करवत, ड्रिल, रीमर आणि हातोडा सगळेच असतात. हातोड्याचा घाव क्षणभराचा, पण फार मोठा असतो आणि असा ठोक्याचा आवाज सलग आवाजापेक्षा कानाला जास्त जाचतो. शिवाय ओटीच्या भिंती गुळगुळीत. धुता येतील अशा. त्या आवाज शोषत नाहीत, परतवतात. सर्जन आपल्या केसेस आटोपून जातो, पण ओटी टेक्निशियन आणि सिस्टर यादीतली पुढची केस घ्यायला तिथंच असतात. त्यांची बेरीज मोठी होते.

निर्जंतुकीकरण विभागात, म्हणजे सीएसएसडीत, नळीसारखी उपकरणं हवेच्या झोतानं वाळवतात. ती एअर गन कानाजवळून चालते आणि तिच्या आवाजाला धार असते. एमआरआयच्या खोलीत स्कॅन चालू असताना रुग्णाला कानपट्टे देतात. पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासोबत आत थांबलेल्या भूलतज्ज्ञाला किंवा सिस्टरला ते द्यायचं पुष्कळदा राहून जातं. तिथला आवाज शंभराच्या पुढे जाऊ शकतो. डीजी रूम, एसी प्लांट, व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्डचे कॉम्प्रेसर, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक सरकारी रुग्णालयांत उभे राहिलेले ऑक्सिजनचे पीएसए प्लांट, या सगळ्या जागी ऑपरेटरची खुर्ची यंत्राशेजारीच टाकलेली दिसते. दातांच्या दवाखान्यातलं हँडपीस आणि सक्शन, रुग्णवाहिकेचा सायरन आणि उघडी काच, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट यांचंही मोजमाप करून घ्यावं.

मोजायचं कसं

पहिली चाचणी फुकट आहे. सहकाऱ्यापासून हातभर अंतरावर उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडल्याशिवाय त्याला कळत नसेल, तर तिथली पातळी ८५ च्या आसपास किंवा वर आहे असं धरून चाला. दुसरी चाचणी फोनवरची. आयफोन असेल तर नायोशचं ध्वनिमापक ॲप मोफत मिळतं आणि ते बऱ्यापैकी भरवशाचं आहे. अँड्रॉइडवरची ॲप्स फोनागणिक वेगवेगळे आकडे दाखवतात; कुठली जागा जास्त गोंगाटाची हे ताडण्यापुरता त्यांचा उपयोग. मात्र व्यवस्थापनाकडे मागणी करताना फोनचा आकडा पुढे करू नका, त्यावर लगेच शंका घेतली जाते. रीतसर मोजणी मागा. तीही खोलीच्या मध्यभागी मीटर ठेवून नको. माणसाच्या कानापाशी, यंत्रं चालू असताना, पूर्ण पाळीची हवी.

कानात काय बिघडतं

आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत सूक्ष्म केसपेशी असतात: प्रत्येक कानात बाहेरच्या सुमारे बारा हजार, आतल्या साडेतीन हजार. मोठ्या आवाजानं आधी बाहेरच्या थकतात. पाळी संपल्यावर कानात दडे बसल्यासारखं वाटतं, बारीक कुई ऐकू येते, घरच्यांचं बोलणं दुरून आल्यासारखं वाटतं. सकाळी उठल्यावर सगळं ठीक. हे ‘ठीक’ फसवं असतं. रोज थकून रोज सावरणाऱ्या पेशी एक दिवस सावरत नाहीत, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हार्वर्डमधल्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे तुटलेलेच राहू शकतात. म्हणून कुई दर पाळीनंतर येत असेल, तर ती थांबण्याची वाट पाहत बसू नका. कुई हाच इशारा समजा.

नुकसान सुरू होतं ते उंच पट्टीत, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे बहिरेपणा आला असं माणसाला वाटतच नाही. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, थ, फ यांसारखी व्यंजनं आधी विरतात, स्वर शाबूत राहतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक सुरुवातीच्या ‘स’चा. एरवी त्यावरून हशा होईल. पण मास्क लावलेल्या डॉक्टरनं तोंडी सांगितलेली मात्रा असेल तर तो फरक रुग्णाच्या जिवाशी येतो. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, म्हणजे अर्धवट ऐकणाऱ्याचा शेवटचा आधारही जातो. फोनवर बोलताना ‘परत सांगा’ म्हणावं लागणं, चारचौघांत गप्पा चालू असताना धागा सुटणं, घरी टीव्हीच्या आवाजावरून वाद होणं या खुणा आहेत. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः वय पस्तीस असेल तर.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. एका कानाचं ऐकणं अचानक, तासा-दोन तासांत किंवा एका रात्रीत गेलं, तर तो आवाजानं हळूहळू येणारा बहिरेपणा नव्हे. ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. उपचार लवकर सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते. लसणीचं तेल टाकून आठवडा घालवू नका.

ऑडिओग्राम

हा आजार आजचा नाही. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० सालीच कामगारांच्या रोगांवरच्या ग्रंथात व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन केलं: दिवसभर तांबं ठोकून त्यांना कमी ऐकू येतं आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीला हे सांगायला रामाझ्झिनी लागला नसता. पण तांबटाकडे नसलेली एक सोय आपल्याकडे आहे. अर्ध्या तासात होणारी, न दुखणारी श्रवणचाचणी.

नोकरीला लागताना, किंवा गोंगाटाच्या विभागात बदली होताना, प्युअर टोन ऑडिओमेट्री करून घ्या. ही पायाभूत नोंद. चाचणीआधी किमान चौदा तास मोठ्या आवाजापासून दूर राहायचं, म्हणजे रात्रपाळी संपवून तसंच जायचं नाही. थकलेला कान चुकीचा आलेख देतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामावर जाण्याआधी गेलात तर उत्तम. ‘३०००, ६००० हर्ट्झही तपासा’ असं आवर्जून सांगा, कारण घाईच्या चाचणीत हे दोन आकडे गाळले जातात आणि नेमकं तिथंच बघायचं असतं. आवाजानं बिघडलेल्या कानाचा आलेख ३००० ते ६००० च्या दरम्यान खाली कोसळतो आणि ८००० ला थोडा वर येतो. ही खाच दिसली की निदानाचा निम्मा प्रश्न सुटतो. नंतर दर वर्षी चाचणी करून पहिल्या आलेखाशी ताडून पाहा. २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवरची सरासरी पहिल्या नोंदीपेक्षा १० डेसिबलनं घसरली तर काम करण्याची पद्धत तातडीनं बदलायला हवी.

ही सोय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात असते. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांनाही त्यासाठीची साधनं दिली जातात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. स्वतः रुग्णालयातच नोकरी करणाऱ्यांनी तर शेजारच्या मजल्यावर जाऊन चाचणी करून घ्यायची असते, आणि तरीही ती होत नाही, याचं मला नवल वाटत आलं आहे.

आधी यंत्र, मग कान

इअरप्लग वाटून मोकळं होणं व्यवस्थापनाला सोयीचं असतं. पण तो शेवटचा उपाय. आधी यंत्राकडे बघायला हवं. झिजलेलं बेअरिंग, सैल झालेला पत्रा, फुटलेला सायलेन्सर, बोथट पातं यांच्यामुळे आवाज किती चढतो हे देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला नेमकं ठाऊक असतं, त्याला विचारा. २००५ पासून तयार झालेल्या १००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरला ध्वनिरोधक कॅनॉपी बंधनकारक आहे आणि कॅनॉपीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत राहायला हवा. मात्र यंत्र तापतं म्हणून कॅनॉपीचं दार उघडं टाकून ठेवलं की तिचा काही उपयोग उरत नाही. तापत असेल तर हवा खेळती करायची, दार लावायचं. एअर गनला कमी आवाजाची तोटी बसवता येते. ऑपरेटरची खुर्ची आणि नोंदवही यंत्राच्या खोलीतून बाहेर, काचेपलीकडे नेता येते; याला फारसा खर्चही नाही. नवी करवत किंवा वॉशर घेताना निविदेत आवाजाचा आकडा मागायचा. खरेदी समितीत हा प्रश्न विचारणारा एक जण असला तरी पुष्कळ होतं. पाळ्या अशा लावायच्या की एकाच माणसाच्या वाट्याला रोज प्लास्टर किंवा रोज कपडे पिळायचं यंत्र येणार नाही.

एवढं करूनही आवाज उरला तर कानांचं संरक्षण. कापसाचा बोळा कामाचा नाही, हे आधी मनावर बिंबवा. फोमचा प्लग काही रुपयांत मिळतो, पण घालायची रीत असते. स्वच्छ हातांनी तो वळून बारीक वातीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. निम्मा बाहेर दिसत असेल तर पुन्हा घाला. पाकिटावर ३३ डेसिबल लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मंच संरक्षण मिळेल असं धरा. रक्त, स्राव, घाण कपडे हाताळल्यावर हात न धुता प्लगला हात लावू नका. फोमचे प्लग धुऊन पुन्हा वापरायचे नसतात. सतत काढ-घाल करावी लागत असेल, जशी जनरेटरवाल्याला लागते, तर कानपट्टे बरे.

आणि ते काढायचे नाहीत. आठ तासांपैकी फक्त अर्धा तास काढले, तर ३० डेसिबलच्या संरक्षणाचे १२ च उरतात. चार तास काढले तर जेमतेम तीन. ओटीतली अडचण वेगळी आहे: प्लग घातले तर सर्जनचं बोलणं ऐकू येत नाही, अशी तक्रार असते आणि ती रास्त आहे. त्यासाठी वादक वापरतात तसे, सगळ्या पट्ट्या सारख्या प्रमाणात कमी करणारे प्लग मिळतात. ऑडिओलॉजिस्ट कानाचा साचा घेऊनही ते करून देतात. महाग असतात, पण हाडांच्या ओटीत रोज काम असेल तर तो खर्च रुग्णालयानं करावा.

आवाजाशिवाय आणखी काही

जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन यांनी कानांना इजा होऊ शकते. तुम्हाला स्वतःला क्षयरोगासाठी वा अन्य कारणानं ही औषधं घ्यावी लागली असतील, तर गोंगाटाच्या विभागात जाण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. पॅथॉलॉजीतलं झायलीनही कानांना घातक द्रव्यांच्या यादीत आहे. तिथं वायुविजन नीट नसेल आणि शेजारी मोठ्या आवाजाचं यंत्र असेल तर दोन्ही भार एकाच कानावर पडतात.

घरी जाताना लोकलच्या खडखडाटावर मात करायला इअरफोनचा आवाज चढवणं, सुट्टीत ढोल-ताशा पथकात सराव करणं, हेही त्याच खात्यावर जमा होतं. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतर्फे होणाऱ्या मोजणीत अनेक वर्षं शंभराच्या पुढचे आकडे आले आहेत. पथक सोडा असं मी सांगणार नाही, कुणी ऐकणारही नाही. ढोल वाजवतानाही तेच प्लग घाला.

कागद जपा

आवाजामुळे आलेला बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्यानं कळवण्याजोग्या रोगांत घातला. रुग्णालय सहसा कारखान्यात मोडत नसल्यानं हा कायदा तिथं क्वचितच पोहोचला. पण २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या आणि राज्य कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही या आजाराचं नाव होतं. तिथं किमान सहा महिने सलग त्या कामावर असण्याची अट होती. तुम्हाला आता काय लागू होतं हे युनियनकडे, विमा कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारा. कुठंही गेलात तरी पहिला प्रश्न एकच येईल: आधी कान चांगला होता याला पुरावा काय? त्याचं उत्तर म्हणजे तो पहिला आलेख.

कंत्राटी कामगारांनी तर हे जास्तच सांभाळावं. ठेकेदार बदलतो, माणसं तीच राहतात आणि जुनी फाइल कुठं जाते कुणाला कळत नाही. तेव्हा चाचणीची एक प्रत घरी ठेवा, फोनमध्ये तिचा फोटो ठेवा, कुठल्या विभागात कधीपासून कधीपर्यंत होतो याची तारीखवार नोंद वहीत करा. पहिली चाचणी अजून झाली नसेल तर येत्या सुट्टीनंतर, कामावर रुजू होण्याआधी ती करून घ्या.